बिनपोटाची कंबर

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे, शिवणकामाच्या दुकानातला. मला डोके नाही, हात नाहीत, पायांच्या जागी एक लोखंडी दांडा आहे. कंबर मात्र चोवीस इंची. कारखान्यात एकाच साच्यातून आम्ही शेकडो निघालो. अशी बाई राहते तरी कुठे, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

माझ्या मालकिणीला सगळे मावशी म्हणतात. तिची रीत वेगळी. ड्रेस शिवायला घेतला की आधी गिऱ्हाइकाच्या मापाने माझ्या अंगावर कापूस बांधायचा. त्यामुळे मी कधी शिक्षिका झालो, कधी नर्स, कधी सात महिन्यांची गरोदर सून. एका नवरीचा डावा खांदा उतरता होता, तोही मी हुबेहूब उतरवला. माझे कौतुक कोणी केले नाही, पण ड्रेस अंगावर नीट बसला की गिऱ्हाईक आरशापुढून हलत नसे. ते दिवस मला फार आवडायचे.

पुढे मावशीची सख्खी भाची हे ड्रेस घालून मोबाइलवर व्हिडिओ टाकू लागली. एकाने खाली लिहिले, "ड्रेस छान, पण पुतळ्यावरच शोभला असता." पोरीने ते मनाला लावून घेतले. पोटाची चरबी काढून घ्यायला तिने दवाखान्यात सोमवारची तारीख ठरवली. डॉक्टरांना तिने माझाच फोटो दाखवला म्हणे. मला लाज वाटली आणि संतापही आला.

मावशी भांडली नाही. तिने भाचीचे माप घेतले आणि माझ्यावर कापूस बांधायला घेतला. भाचीने तो ओरबाडून काढला.

"मला अशी नाही दिसायचं, मावशी. मला याच्यासारखी कंबर हवीय."

मावशीने मला आडवे केले. "घाल आत हात."

भाचीने खालून कोपरापर्यंत हात घातला.

"काय लागलं?"

"काहीच नाही. नुसतं पोकळ आहे."

"म्हणून चोवीस. याला भूक लागत नाही, बाळा. तुला लागते."

भाचीने हात बाहेर काढला. सोमवारी ती दवाखान्यात न जाता दुकानात आली. मला उघडे उभे केले, शेजारी स्वतः उभी राहिली आणि व्हिडिओ टाकला. "हा चोवीस. याला पोट नाही, डोकंही नाही. मी एकतीस, आत्ताच पोटभर जेवून आलेय. आता लिहा काय लिहायचं ते."

लोकांनी लिहिलेच. ते वाचत न बसता तिने स्वतःच्या मापाचा कापूस माझ्या कमरेला बांधला आणि गाठ घट्ट मारली.

मित्रांनो, टाचण्या टोचून टोचून माझी आता चाळण झाली आहे. मला ओल लागू देऊ नका, अधूनमधून धूळ झटका. पुतळ्याला एवढी काळजी पुरते. पण माझ्याकडे बघून कोणी आपल्या अंगाला सुरी लावून घेणार असेल, तर मला खुशाल भंगारात घाला. माणसासारखे दिसायला मी जन्मभर कापूस बांधून घेतला. तुम्ही पुतळा व्हायला निघू नका.