दहाव्याची मिशी

“गेलं का म्हातारं?”

सटवानं हे विचारलं तेव्हा त्याच्या बोटावर लोणी होतं आणि डाव्या हातात मोटारसायकलचा जुना आरसा. गावातनं धापा टाकत आलेली रतनबाई दारातच थबकली. माणूस मेल्याची खबर बायको आणते आणि नवरा मिशीला लोणी चोळत हसतो, याला काय म्हणावं!

“आवं, पंडितराव गेले म्हन्ते मी. हसता कावून?”

“हसत न्हाई. तोंडच तसं झालंय.”

खोटं कशाला बोला, तो हसतच होता. पंडितराव म्हणजे बद्रीनाथदादाचे वडील, आणि बद्रीनाथदादा म्हणजे शिरूर कासारच्या अलीकडच्या त्या गावातला असा माणूस की ज्याला विचारल्याशिवाय पाण्याचा टँकरसुद्धा वळत नाही. त्याच्या बापाच्या मरणाची वाट सटवा नऊ वर्षं बघत होता. पंडितरावांना साधा ठसका लागला तरी हा त्यांच्या ओसरीवर हजर. “आता कसं वाटतंय बाबा?” असं अगदी मायेनं विचारायचा. लोक म्हणायचे, बघा, मेंढरामागं फिरणारा गडी, पण किती जीव लावतो! म्हातारा तर त्याचा हात धरून म्हणायचा, “माजा पोरगा इचारत न्हाई रं, तू तरी इचारतूस.” तेव्हा सटवाला आत कुठंतरी टोचायचं. पण तेवढ्यापुरतंच. दोनदा पंडितरावांना बीडच्या दवाखान्यात नेलं आणि दोन्ही वेळा म्हातारा ठणठणीत होऊन परत आला. त्या दोन्ही रात्री सटवाला भाकर गोड लागली नाही.

एवढा दावा कशाचा, तर मेंढरं बसवण्याचा. उन्हाळ्यात शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभर कळप तिथं बसला की लेंड्यांचं खत होतं आणि पुढचं पीक जोमानं येतं. सटवानं बद्रीनाथला शब्द दिला होता, आज तुमच्या रानात बसवतो. पण येता येता मेंढरं थकली, अंधार पडला, म्हणून त्यानं वाटेतल्या हनुमानच्या रानात कळप थांबवला. हा हनुमान नुकताच सरपंचकीला बद्रीनाथच्या विरोधात उभा राहिला होता. सटवाला वाटलं, मेंढरं बसली. गावाला वाटलं, अख्ख्या धनगरवस्तीची मतं बसली. राजकारणात मेंढरंसुद्धा मोजतात, हे त्या भल्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

सकाळी बद्रीनाथनं त्याला पारावर बोलावलं. “कावून बसवलीस तिथं?”

सटवाला एक खोड होती. विचारात पडला की बोटं आपसूक मिशीकडं जायची. तशी ती गेली, आणि मिशीचं टोक चिमटीत धरून तो म्हणाला, “मेंढरं लई दमलती, दादा.”

“माज्यापुढं मिशीला पीळ देतूस व्हय बे?”

पुढं काय झालं ते गावानं बघितलं आणि गाव गप्प बसलं. दोघांनी सटवाचे हात मागं धरले. लखन न्हाव्याला त्याच्या पेटीसकट बोलावलं. लखन चाचरत म्हणाला, “दादा, ह्याचा बाप जिता हाय. बाप असताना मिशी न्हाई काढत.”

“केसं हायत. उगवतील,” बद्रीनाथ म्हणाला आणि स्वतःच्या जाडजूड मिशीवरनं हात फिरवत हसला. पारावरचे चारदोन जणही हसले.

सटवाचा बाप बजरंग तेव्हा बाजेवर पडून होता. डोळे अधू झाले होते. पोरगा जवळ येऊन बसला, तसा म्हाताऱ्यानं सवयीनं त्याच्या तोंडावरनं हात फिरवला. हात ओठावर आला आणि तिथंच थांबला. “आरं, मी मेलो का रं?” एवढंच तो बोलला. मग भिंतीकडं तोंड करून निजला तो निजलाच. महिना भरायच्या आत गेला. दहाव्याला सिंदफणेच्या काठी लखननं सटवाच्या ओठावर पाणी लावलं, वस्तरा फिरवला, आणि नुसते खुंट निघाले. बाप गेला की पोरगा डोक्याचे केस देतो, मिशी देतो. पोरापाशी तेवढंच असतं द्यायला. सटवापाशी तेही नव्हतं. त्या दिवशी तो रडला नाही. नदीतच उभा राहून मनात म्हणाला, बद्रीनाथा, तुजा बाप मरंल तवा मी काठावर असंन. तुजी जाताना बघीन.

मग त्यानं मिशी वाढवली. अशी वाढवली की काय सांगावं! सकाळी मेंढीच्या दुधाचं लोणी, रात्री एरंडेल. निजताना फडक्याची पट्टी बांधायचा, म्हणजे टोकं मोडू नयेत. लग्नाकार्याला जायचं असेल तर मोहोळाचं मेण बोटावर ऊब देऊन लावायचा. मेंढरं कातरायच्या कातरीनंच ती बरोबरीला आणायचा; लखनला त्यानं पुन्हा तोंडाला हात लावू दिला नाही. कपिलधारच्या यात्रेत तरणी पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायची. मांजरसुंब्याच्या एका ढाबेवाल्यानं तर फेटा बांधून दारात उभा राहतोस का म्हणून विचारलं. सटवा म्हणाला, “ही मिशी गिऱ्हाइकाला न्हाई. ही दुसऱ्या कामाची हाय.” रतनबाई चिडायची, “माज्यापरीस तिलाच जास्ती जपता.” तो पट्टी बांधून निजायचा.

आणि आता पंडितराव गेले होते.

दहाव्याला नदीकाठी ही गर्दी! जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर, त्यामुळं तालुक्यातली झाडून सगळी पुढारी मंडळी आलेली. वरच्या रस्त्यावर बद्रीनाथचा मोठा बॅनर, त्यावर ती मिशी सगळ्यांत आधी दिसावी असा फोटो. सटवा धुतलेलं धोतर नेसून, मिशीला पीळ देऊन पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला. काळीज धडधडत होतं. लग्नातसुद्धा ते एवढं धडधडलं नव्हतं.

बद्रीनाथ दगडावर बसला. लखननं डोक्याचे केस उतरवले, दाढी केली. मग त्यानं ओठावर पाणी लावलं, तसं बद्रीनाथनं त्याचं मनगट धरलं.

“तिला ऱ्हाऊ दे.”

“दादा, पण...”

“चालतंय आजकाल. फोटो छापलेत सगळीकडं.”

भटजींनी वर बघितलं आणि पुन्हा दर्भाच्या काड्या नीट करायला लागले. पुढारी मोबाइलमध्ये बघत राहिले. कुणी ब्र काढला नाही. पारावर काढला नव्हता, तसाच.

सटवाच्या पायाखालची वाळू सरकली. नऊ वर्षं ज्या घटकेसाठी जीव टांगून ठेवला, ती अशी हातातनं निसटत होती. बद्रीनाथ उठायला लागला, खांद्यावरचा पंचा सावरायला लागला. मेलेल्या बापापेक्षा बॅनर मोठा! सटवाच्या अंगाचा भडका उडाला. तो चार पावलं पुढं गेला आणि लखनसमोर, बद्रीनाथच्या शेजारच्या दगडावर बसला.

“माजी काढ.”

लखनच्या हातातला वस्तरा तसाच राहिला. “सटवानाना, ही? येडे झालात का?”

“बजरंगाच्या नावानं काढ. माज्या बापाच्या दहाव्याला मिशी द्यायची ऱ्हायलीय. कावून ऱ्हायली ते तुला ठावं हाय. हितल्या समद्यांला ठावं हाय.” तो मोठ्यानं, सगळ्या काठाला ऐकू जाईल असं बोलला. “काढ लेका. या टायमाला माजे हात धरायला कुनी लागत न्हाई.”

लखनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं सटवाचा ओठ भिजवला. वस्तऱ्याचा करकर आवाज सगळ्यांना ऐकू आला, इतकी माणसं गप्प झाली होती. एक बाजू गेली, दुसरी गेली. सटवानं ते केस ओंजळीत घेतले, गुडघाभर पाण्यात जाऊन नदीत सोडले आणि हात जोडले. मग वळून बद्रीनाथसमोर येऊन उभा राहिला. ओठ भुंडा, पण मान ताठ.

“मालक, आमच्या बापाचं आज दिलं. तुमच्या बापाचं?”

बद्रीनाथचं तोंड लाल झालं. “सटव्या, बापाच्या दहाव्याला तमाशा करतूस?”

“बापाच्या दहाव्याला मीच मिशी दिली, दादा. तुमी बसलाव नुसते.”

मागं बायकांच्या घोळक्यात तुळजाबाई बसली होती, बद्रीनाथची आई. कपाळ नुकतंच मोकळं झालेलं. इतका वेळ ती वाळूकडं बघत होती. आता ती उठून पुढं आली. तिला वाट द्यायला आमदारकीची स्वप्नं बघणारेही बाजूला झाले.

“बद्री,” ती म्हणाली, “बस खाली.”

“आये, तुला कळत न्हाई, निवडणूक...”

“त्या मानसानं मला रानीवानी ठिवलं. त्याला तुज्या ओठाचे केसं जड झाले? बस म्हन्ते ना!”

बद्रीनाथ बसला. लखननं या वेळी कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. सटवा हाताच्या अंतरावर उभा होता आणि डोळ्यांची पापणी न हलवता बघत होता. मिशीखालची कातडी गोरी, मऊ निघाली. त्या पट्ट्यानं बद्रीनाथचं सगळं तोंड पोरकट दिसायला लागलं. मागं कुणीतरी तोंडाला उपरणं लावून हसलं, आणि बद्रीनाथनं ते ऐकलं. सटवाच्या जिवाला असा गारवा वाटला की त्याला तिथंच मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. देवाशप्पथ, त्याला जरासुद्धा दया आली नाही.

वस्तीवर परत येताना वाऱ्यानं ओठ थंड पडत होता. बोटं दोनदा तिकडं गेली आणि रिकामी परत आली. दारात रतनबाई जवारी पाखडत होती. तिनं वर बघितलं, सूप खाली ठेवलं. आरडाओरडा करील असं त्याला वाटलं होतं. तिनं चुलीवर पाण्याचा हंडा चढवला, दाराच्या बाहेरच दगड मांडला आणि आत जाऊन कोरं धोतर काढून आणलं. घाटावरनं आलेल्या माणसाला आंघोळ घातल्याशिवाय घरात घेत नाहीत.

“बसा,” ती म्हणाली. “मामांजींचं झालं का नीट?”

सटवा दगडावर बसला. डोक्यावरनं पहिला तांब्या ओतला गेला, आणि बाप गेल्यावर राहिलेलं रडू त्याला आलं.