साहेबांचा दौरा आणि सुनेच्या कळा

मोहनरावांच्या घरात लग्न, बारसं, वास्तुशांत, सगळं पक्षाच्या साहेबांच्या दौऱ्याकडे बघून ठरायचं. सत्यभामाबाईंना याची पंचवीस वर्षांची सवय होती. पण पोटातल्या लेकरालाही दौऱ्याचा कागद दाखवतील, असं त्यांना वाटलं नव्हतं.

सून संस्कृती पहिलटकरीण. रीतीप्रमाणे ती माहेरी, युसूफ वडगावला जायची होती. पण तिचे वडील पडले विरोधी गटाचे, आणि मोहनरावांचा नातू विरोधकांच्या वार्डात कसा जन्मणार? तिला सासरी, तेलगावातच ठेवून घेतलं. दिलेली तारीख उलटून आठ दिवस गेले, पोटातलं पाणी कमी झालं, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता औषध देऊन कळा आणाव्या लागतील. उद्या सकाळी भरती व्हा."

मोहनरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरला हात जोडले. परवा साहेबांचा वाढदिवस, आणि चार वाजता साहेब दवाखान्यासमोरच्याच रस्त्याने जाणार. साहेबांच्या वाढदिवशी जन्मलेलं बाळ साहेबांच्याच हातात, पेपरात फोटो, मग झेडपीचं तिकीट कुणाचा बाप अडवतो?

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. आधी गोळी, काही तासांनी तपासणी, लागली तर पुन्हा गोळी, मग सलाईनमधून औषध. पोटावर पट्टा बांधून बाळाचे ठोके बघत राहायचं. "पहिली खेप आहे. पिशवीचं तोंड उघडायला वेळ लागतो. एक दिवस लागेल, दोनही लागतील. नाहीच जमलं तर सिझेरियन." एवढ्या बोलण्यातलं मोहनरावांनी शेवटचं वाक्य तेवढं उचललं.

पहिला दिवस गोळ्यांतच गेला. संस्कृतीचं पोट पाळीसारखं दुखलं, कंबर भरून आली, पुढे काही नाही. ती व्हरांड्यात फेऱ्या मारायची, सत्यभामाबाई तिची कंबर चोळत सोबत चालायच्या. मोहनराव बाकावर बसून दर तासाला नर्सला विचारायचे, "किती टक्के झालं?" मतमोजणीची सवय, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी सलाईन लागलं आणि खऱ्या कळा सुरू झाल्या. दुपारी एकला डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "चार सेंटीमीटर. छान चाललंय, बाळाचे ठोकेही चांगले आहेत."

"चारपर्यंत होईल का?" मोहनरावांनी विचारलं.

"ते बाळाला विचारा."

"मग सिझर करून टाका. रविराज, सही कर बे!"

संस्कृतीचा नवरा रविराज वडिलांपुढे मान हलवतच मोठा झालेला. त्याने पेन शोधायला घेतलं. डॉक्टरीणबाईंनी कागद द्यायचंच नाकारलं. "कारण नसताना मी पोट कापणार नाही."

"नका कापू. दवाखाने लई हायेत. गाडी दारात हाय, हलवा हिला!"

संस्कृतीने सासूचं मनगट घट्ट धरलं. "आत्या, मला हलवू नका. मला न्हाई सोसायचं." सत्यभामाबाईंचा जीव तुटला, आणि त्याच क्षणी पंचवीस वर्षांचा राग डोक्यात गेला. पण नवरा ओरडून ऐकणाऱ्यातला नव्हता. गुळाने मरतो त्याला विष कशाला?

"अवो, खरं सांगा, तुमाला आत्ता नातू पायजे का फोटो?"

"फोटो," मोहनराव म्हणून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"मग फोटोचं मी बघते. पोरीला हात लावायचा न्हाई."

शेजारच्या खोलीत टेम्पोवाल्या म्हाळूची बायको दोन दिवसांचा मुलगा घेऊन पडली होती. सत्यभामाबाईंनी तिला काही न लपवता सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. "न्या की मामी. पर लौकर आणा, त्याचा प्यायचा टाइम झालाय."

साहेब सव्वाचारला आले. त्यांनी बाळ घेतलं, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "अगदी मोहनरावांवर गेलाय!" टाळ्या पडल्या. आपल्या वाढदिवशी मोहनरावांना नातू झाल्याचं साहेबांनी स्वतः जाहीर केलं, आणि ताफा धुरळा उडवत निघून गेला. म्हाळूचं पोरगं आईपाशी जाऊन दूध प्यायला लागलं.

आत संस्कृतीला कुणी घाई केली नाही. कळ आली की ती सासूच्या खांद्यात नखं रुतवायची, कळ ओसरली की घोटभर पाणी प्यायची. साडेसहाला ती बाळंत झाली. मुलगी, तीन किलोची, खणखणीत आवाजाची. सत्यभामाबाईंना रडूच आवरेना.

मोहनरावांचा चेहरा मात्र पडला. साहेबांनी नातू जाहीर केलेला, फोटो गावभर फिरलेला. ते डॉक्टरीणबाईंजवळ जाऊन हळूच म्हणाले, "मॅडम, तारीख उद्याची टाकता यील का? आजच्या तारखेला नातू जाहीर झालाय."

दोन दिवस याच तारखेसाठी सगळ्यांच्या नाकी नऊ आणणारा माणूस! सत्यभामाबाई तोंड उघडणार, तोच संस्कृती बोलली. आवाज थकलेला होता, पण स्पष्ट होता.

"मामा, हिचा वाढदिवस आजच. या, घ्या हिला. फोटो काढायचा न्हाई, नुसती धरा."

मोहनरावांनी नातीला हातात घेतलं. समोर कॅमेरा नव्हता, त्यामुळे कुठं बघावं ते त्यांना कळेना. इकडं तिकडं बघून झालं, आणि मग त्यांनी तिच्याकडे बघितलं.