सगळ्यात अडचणीची सीट

तीन आठवड्यांत धाकटीने पाच शोरूम पालथ्या घातल्या, आणि प्रत्येक ठिकाणी ती आधी गाडीच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

धाकटी सून म्हणून घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. वय एव्हाना सेहेचाळीस. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. केसभर फरक राहिला तर हिरडी सोलवटते, हे तिच्या बोटांना पाठ होतं. शोरूममध्येही ती पर्समधून मोजपट्टी काढायची. सीट तळापासून किती उंच, गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांत किती बोटं, डोक्यावर किती जागा, सगळं वहीत लिहून घ्यायची.

नवऱ्याला दोन रांगांची गाडी हवी होती. "आपण चौघं. पोरींचं सामान डिकीत. तिसरी रांग कुणासाठी?"

"दादांसाठी," ती म्हणाली. "त्यांची नजर अधू झाली, गाडी विकून टाकली. दर वेळी टॅक्सीच्या मागे कुठे लागणार ते?"

नवरा हरखला. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. बायको दादाशी कामापुरतंच बोलते, हे त्याला माहीत होतं. कारण माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलंही नव्हतं.

कारण नऊ वर्षांपूर्वीचं होतं. धाकटीकडे राहायला आलेल्या तिच्या आईचा घोटा मोडला होता. हॉस्पिटलातून सोडलं, तेव्हा नवरा कामासाठी परगावी होता. आईचं गाव चार तासांवर. दादा त्याच रस्त्याने निघाले होते, सात सीटची गाडी घेऊन. म्हणाले, या की, जागा आहे. पुढे दादांचा एक मित्र बसला. मधल्या रांगेत जाऊबाई बसल्या आणि त्यांच्या शेजारी फुलझाडांच्या चार कुंड्या. कुंड्या मागे ठेवल्या तर फांद्या मोडतील, असं दादांचं म्हणणं. मग प्लास्टरचा पाय घेऊन अडुसष्ट वर्षांची म्हातारी सीटवरून ओणवी होत शेवटच्या रांगेत गेली, तिच्या शेजारी धाकटी.

आईला पाय सरळ करता यावा म्हणून धाकटीने दोन वेळा गाडी थांबवायची विनवणी केली. दोन्ही वेळा दादा म्हणाले, "दहा मिनिटं." मग आरशात बघून त्यांनी विचारलं, "काय, सामान नीट बसलंय ना मागे?" मित्र खो खो हसला. बरं दिसावं म्हणून आईही हसली. ते हसणं धाकटीच्या जिव्हारी लागलं.

उतरताना पाय टम्म सुजला होता. आई त्यानंतर दोन वर्षं जगली, पण लेकीच्या घरी पुन्हा आली नाही. "तुमच्या माणसांना माझं ओझं नको गं," एवढंच म्हणायची.

पाचव्या शोरूममधली विक्रेती प्रामाणिक निघाली. "मॅडम, या गाडीची मागची रांग खरं तर लहान मुलांसाठी. मोठ्या माणसाला अर्धा तास जड जाईल."

"आणि सहा फुटी माणसाला?"

"गुडघे हनुवटीला लागतील हो त्यांचे."

"हीच बुक करा," धाकटी म्हणाली. शेजारच्या गाडीची तिसरी रांग ऐसपैस आहे, असं नवरा सांगत होता. तिने मान वर करूनही पाहिलं नाही.

महिन्याभराने दादांच्या मुलीने नव्या घरी सगळ्यांना बोलावलं. तीन तासांचा रस्ता. सकाळी आठला दादा इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे होते. सवयीने त्यांनी पुढचं दार उघडलं.

"दादा, तुम्ही मागे," धाकटी स्टिअरिंगवरून म्हणाली. "पुढे हे बसतील, रस्ता सांगायला. मध्ये वहिनी आणि पोरी. पोरींना मागे मळमळतं."

नवरा म्हणाला, "अगं, मी जातो की मागे."

"तू पुढे बस." तिचा आवाज ऐकून तो पुढच्या सीटवर जाऊन बसला.

दादा वाकले, एक पाय आत टाकला, डोकं छताला आपटलं. अखेर दोन बॅगांच्या मध्ये घडी घातल्यासारखे बसले. धाकटीने आरसा जरा खाली केला. तिला त्यांचा चेहरा पूर्ण दिसायला हवा होता.

तासाभराने मागून आवाज आला, "जरा थांबतेस का? पायाला मुंग्या आल्यात."

"दहा मिनिटं, दादा."

मोठ्या खड्ड्यांचा पट्टा लागला. तिने वेग कमी केला नाही. पुढे एक हॉटेल आलं, गेलं. पेट्रोल पंप आला, तोही गेला. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा ती आरशात बघून म्हणाली, "काय, सामान नीट बसलंय ना मागे?"

पोरी खिदळल्या. दादा हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला, आणि त्यांना सगळं आठवतंय हे तिला कळलं. इतकी वर्षं तिला धाकधूक होती की ते विसरले असतील, आणि मग या सगळ्याला काही अर्थच उरणार नाही.

निघाल्यापासून दोन तासांनी तिने गाडी थांबवली. दादा उतरले ते कमरेत वाकूनच. दोन्ही हातांनी गुडघे चोळत बाकावर बसले. नवरा पोरींना घेऊन चहा आणायला गेला.

"झालं समाधान?" दादांनी विचारलं. "फिटंफाट झाली आता?"

"अजून तासभर जायचंय. मग परत यायचंय."

जाऊबाई खाली बघत म्हणाल्या, "येताना मी बसते मागे. त्या दिवशी मला उठता आलं असतं. मी कुंड्या धरून बसले."

"तुमची जागा मधलीच, वहिनी," धाकटी म्हणाली. "तेव्हाही होती."

लेकीकडे पोचल्यावर दादांनी पाठ धरल्याचं सांगितलं आणि आठ दिवस तिथेच राहायचं ठरवलं. पुढे दादा आणि जाऊबाई बसने परतले.

परतीच्या वाटेवर पोरी झोपल्यावर नवऱ्याने विचारलं. तिने कुंड्यांपासून सुजलेल्या पायापर्यंत सगळं सांगितलं.

"नऊ वर्षं मनात धरून बसलीस?"

"तू नऊ वर्षं विचारलं नाहीस."

पुढचे काही दिवस घरात मोजकंच बोलणं झालं. धाकटी लॅबमध्ये मेणात दात बसवत आपल्याला वाईट वाटण्याची वाट बघत राहिली. वाईट वाटलं नाही. रात्री झोप मात्र गाढ लागू लागली.

दोन महिन्यांनी दादांचा फोन आला. बराच वेळ त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग घसा खाकरून म्हणाले, "तुझ्या आईच्या बाबतीत माझं जरा..."

"फोनवर नको, दादा," तिने मध्येच थांबवलं. "घरी या. माझ्यासमोर बसा आणि सगळं बोला. ह्यांच्यासमोरही."

"येतो," ते म्हणाले.

अजून आलेले नाहीत. धाकटीला घाई नाही.