विष्णूचा बाप्तिस्मा

साउथहॅम्प्टनच्या बंदरात पहिल्या हिवाळ्यात जो भेटेल तो मला एकच प्रश्न विचारायचा, की तू इथे नक्की आलायस कशासाठी. गेटवरचा गार्ड विचारायचा, जहाजांचे कॅप्टन विचारायचे. चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका फार गोड आवाजात विचारायच्या, म्हणून त्यांचा राग जास्त यायचा. मिशनरी म्हणजे गोरा माणूस आणि तो इथून तिकडे जातो, अशी त्यांची पक्की समजूत. राहुरीकडचा सावळा पोरगा उलटा तिकडून इकडे येतो, तर यात काहीतरी गोम असणारच.

हीथ्रोवरच्या अधिकाऱ्याने तर कमाल केली. माझी कागदपत्रं तीनदा उलटीसुलटी पाहून म्हणाला, "मिशनरी आहेस ना? मग प्रभूची प्रार्थना म्हणून दाखव." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत म्हटली. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण शिक्का मारला.

मी प्रसन्न आढाव. तेव्हा नुकताच पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, झालो होतो आणि आमच्या गावाकडच्या चर्चच्या मंडळीने मला दोन वर्षांसाठी बंदरातल्या खलाशांच्या सेंटरवर पाठवलं होतं. काम साधं होतं. जहाज धक्क्याला लागलं की शिडी चढून वर जायचं, मेसमध्ये बसायचं, फोनकार्डं आणि चर्चमधल्या बायकांनी विणलेल्या लोकरीच्या टोप्या द्यायच्या. ज्यांना घरी फोन करायचाय त्यांना मिनीबसने सेंटरवर आणायचं आणि वेळेत परत सोडायचं. देवाबद्दल कुणी विचारलं तरच बोलायचं. हा नियम ग्रॅहमचा. ग्रॅहम आमच्या सेंटरचा मॅनेजर. उभा जन्म बोटीवर काढलेला, बोलणं कमी. त्याचा दुसरा नियम असा, की जेवढी माणसं नेलीस तेवढी परत आण. आधीच्या एका पाळकाच्या मिनीबसमधून गेलेला खलाशी परत आलाच नव्हता. त्या पाळकाचा बंदराचा पास काढून घेतला, आणि थोड्याच दिवसांत त्याला घरी पाठवलं.

गावात एक मराठी कुटुंब होतं. मिलिंद हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, अरुणा त्यांची बायको. भारतीय दुकानात भेंडी निवडताना ओळख झाली आणि 'आढाव' ऐकून त्यांनी मला हौसेने जेवायला बोलावलं. वरणभात, कोशिंबीर, सगळं अगदी घरच्यासारखं. मग अरुणावहिनींनी विचारलं, "तू आयटीत का? कुठल्या प्रोजेक्टवर?" मी सांगितलं. चमचे थांबले. "ओह, म्हणजे फुल टाइम मिशनरी? ॲक्च्युअल मिशनरी?" मिलिंद म्हणाले. आतल्या खोलीतून त्यांची आई बाहेर येत होती, तिला वहिनींनी दारातूनच परत वळवलं. जणू मी खिशात तीर्थाची बाटली घेऊनच बसलो होतो. त्यानंतर बोलावणं आलं नाही.

मी या सगळ्यावर मनातल्या मनात फार चिडत असे. माणसं दुसऱ्याच्या श्रद्धेवर इतका संशय कसा घेऊ शकतात, असं मला वाटायचं. मग विष्णू आला.

विष्णू तारकर देवगडकडचा. एका कंटेनरच्या बोटीवर इंजिनरूममध्ये ऑइलर, म्हणजे यंत्रांना तेलपाणी करणारा, होता. त्याची बोट पाच-सहा आठवड्यांनी आमच्याकडे लागायची. वयाने माझ्याएवढाच, म्हणून पहिल्याच भेटीत अरे-तुरेवर आलो. दुसऱ्या खेपेला त्याने बायबलचा मराठी नवा करार मागून घेतला. तिसऱ्या खेपेला त्याने तो वाचलेला होता, आणि प्रश्न असे विचारले की मला रात्री पुस्तकं उघडावी लागली. चौथ्या खेपेला, डिसेंबरात, मेसमध्ये आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तो म्हणाला, "मला बाप्तिस्मा दे."

खरं तर मी आनंदाने उडी मारायला हवी होती. वर्षभरात मला असं म्हणणारा तो पहिलाच. पण तो पुढे म्हणाला, "इथे जहाजावर नको. बाहेर, चर्चमध्ये." आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"इथे का नको?"

"अर्धे लोक आमच्याच पट्ट्यातले. मी घरी फोन लावायच्या आधी आईच्या कानावर जाईल. तिला मी सांगणार, माझ्या तोंडाने."

पटण्यासारखं होतं. पण मग मला मागचं एकेक आठवायला लागलं. मागच्या खेपेला त्याने विचारलं होतं, लंडन इथून किती लांब. हॅरो म्हणून भाग आहे तो लंडनच्या कुठल्या बाजूला. तिथे त्याचा मावसभाऊ एका दुकानात होता. तो भाऊ कुठल्या कागदांवर तिथे राहतो हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नव्हतं.

"सर्टिफिकेट मिळतं का रे?" विष्णूने विचारलं.

"कसलं?"

"बाप्तिस्म्याचं. चर्चच्या शिक्क्याचं."

झालं. आता माझ्या डोक्यात तो किडा वळवळायला लागला तो लागलाच. इकडे राहायला मिळावं म्हणून लोक काय काय करतात हे मी ऐकून होतो. ख्रिस्ती झालो, आता गावी गेलो तर मला जगू देणार नाहीत, असं सांगून आश्रयासाठी अर्ज करायचा. त्याला कागद हवा, चर्चचा शिक्का हवा, आणि धक्क्याबाहेर नेणारा भाबडा पाळक हवा. तिन्ही गोष्टी एकाच दुकानात.

मी त्याची उलटतपासणी घेतली. का पाहिजे, केव्हापासून वाटतंय, आधी कुणाशी बोललास. येशूच्या बारा शिष्यांची नावंही विचारली. त्याने धडाधड सांगितली आणि माझ्याकडे बघत राहिला. "अजून काय म्हणून दाखवू?" तो म्हणाला. मला माझीच लाज वाटली, पण संशय तसूभरही कमी झाला नाही. तोंडपाठ तर पळून जाणाराही करेल.

त्या रात्री झोप लागली नाही. तो पळाला तर माझा पास गेला, माझी सेवा गेली, आणि यापुढे आमच्या मंडळीतून एकाही पोराला इकडे कुणी बोलावणार नाही. आणि तो खरा असेल तर मी, देवाच्या दारात उभं राहून, आलेल्या माणसाचे खिसे तपासत होतो.

मला आमच्या घरातली गोष्ट आठवत होती. माझे पणजोबा मोठ्या दुष्काळात ख्रिस्ती झाले. ज्वारीसाठी बाटले, असं गावाने आम्हाला चार पिढ्या ऐकवलं. शाळेत मीही ऐकलंय, त्यावरून मारामाऱ्याही केल्यात. पण आजी वेगळं सांगायची. म्हणायची, तिथला गोरा साहेब शहाणा होता. लोक कशासाठी आलेत हे त्याला दिसत होतं. त्याने शनिवारी सगळ्यांना ज्वारी वाटून टाकली आणि सांगितलं, बाप्तिस्मा उद्या, ज्याला यायचंय त्याने या. रविवारी निम्मेसुद्धा आले नाहीत. पणजोबा आले. पोत्यात ज्वारी असताना का आले, हे त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

सकाळी उठलो तेव्हा माझं ठरलं होतं. विष्णूलाही आधी ज्वारी द्यायची.

धक्क्याजवळ एक जुनं छोटं चर्च होतं. तिथल्या व्हिकरने, म्हणजे पाळकाने, परवानगी दिली, किल्ली दिली. कॅप्टनने विष्णूला संध्याकाळी सहापर्यंत सोडलं. तो शिडीवरून उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर बॅग होती, आणि ती भरलेली होती.

"एवढी बॅग कशाला?"

"कपडे. भिजलो तर?"

बाप्तिस्म्याला डोक्यावर ओंजळभर पाणी घालतात, हे त्याला मी दोनदा सांगितलं होतं. मिनीबस चर्चसमोर लावली, दार उघडलं आणि म्हणालो, "बाप्तिस्मा चार वाजता. आता अडीच झालेत. तोवर तू मोकळा. हिंडून ये."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "एकटा?"

"एकटा."

"आणि तू?"

"मी आत बसतो. तयारी करायचीय."

त्याने बॅग सावरली, कोटाची चेन वर ओढली आणि निघाला. वळूनही पाहिलं नाही. मी आत गेलो, बाकावर बसलो, प्रार्थना करायला डोळे मिटले. किती वेळ? कोपऱ्यापर्यंत जायला माणसाला लागतो तेवढाच. मग उठलो आणि त्याच्या मागे गेलो.

हो, गेलो. आजीच्या गोष्टीतला साहेब शनिवारी रात्री झोपडीझोपडीमागे टेहळणी करत फिरला होता की नाही, ते आजीने सांगितलं नव्हतं. मी मात्र फिरलो. रस्त्यापलीकडून, बसथांब्यांच्या आडोशाने, नाताळच्या खरेदीच्या गर्दीत डोकं खाली घालून. विष्णू कुठल्याही दुकानात शिरला नाही. एकाला रस्ता विचारला आणि सरळ कोच स्टेशनवर गेला. खिडकीशी उभा राहिला, तिकीट घेतलं. लंडनची गाडी लागलेलीच होती, सुटायला अजून वेळ होता. तो चढला. काचेतून मला तो सीटवर बसताना दिसला, बॅग मांडीवर.

तेव्हा मला काय वाटलं ते सांगतो. दुःख झालं नाही. बरं वाटलं. माझं बरोबर होतं, याचं बरं वाटलं. ते किती वाईट आहे हे मला तिथे थंडीत उभं असतानाच कळलं, पण वाटायचं ते वाटून गेलं होतं. पुढे होऊन त्याला हाक मारणं सोपं होतं. मी मारली नाही. पाठ फिरवली आणि चर्चमध्ये परत आलो.

बाहेर अंधार पडत आला होता. मी फोन काढून ग्रॅहमचा नंबर लावायला घेतला. फोन केला की विष्णूला पुढच्या थांब्यावर उतरवतील, हातात बेड्या घालून देवगडला पाठवतील. पुन्हा कुठल्याही बोटीवर त्याला कुणी घेणार नाही. नाही केला तर सहा वाजता कॅप्टन फोन करेल आणि मग माझी पाळी. मी बाकावर बसून त्या नंबराकडे बघत राहिलो. वेळ टळून चालली होती. एकदा अंगठा बटणावर ठेवला, आणि उचलला. पुन्हा ठेवला.

मागे दार वाजलं.

विष्णू होता. बॅग खांद्यावर, नाक लालबुंद, धावत आल्यासारखा. "उशीर झाला," तो म्हणाला. माझ्या शेजारी बसला, थोडा दम खाल्ला. मग खिशातून तिकीट काढून माझ्या हातात दिलं.

"तुला सांगूनच टाकतो. मी जाणार होतो. भाऊ उतरवून घ्यायला येणार होता. गाडीतही बसलो. बाप्तिस्मा घ्यायचा हे खरं होतं, आणि पळायचं हेही खरं होतं. दोन्ही एकदम होतं, मला सोडवता येईना."

"मग उतरलास का?"

"गाडीत बसून सारखा मागे बघत होतो. कुणी येतंय का. अकरा वर्षं बोटीवर आहे मी. कुठल्याही देशात उतरलो की कुणीतरी बघत असतं. गेटवर, दुकानात, सगळीकडे. आज कुणीच नव्हतं. तू सोडलंस म्हणजे खरंच सोडलंस. माझ्यावर असा विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता. ड्रायव्हर दार लावत होता, त्याला थांबवून उतरलो."

गप्प बसलो असतो तर सगळं छान जमलं असतं. त्याचा विश्वास राहिला असता, माझा पास राहिला असता, आणि घरी सांगायला आणखी एक सुंदर गोष्ट मिळाली असती. पण थोड्याच वेळात बाप्तिस्मा देताना मी त्याला विचारणार होतो, की तू असत्याचा त्याग करतोस का. ते मी कुठल्या तोंडाने विचारणार होतो?

"मी होतो मागे," मी म्हणालो.

"काय?"

"तुझ्या मागे होतो. कोच स्टेशनपर्यंत. तुला गाडीत बसताना पाहिलं. मग इथे येऊन फोन हातात घेऊन बसलो."

त्याने माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलेलं मला दिसलं, आणि तेव्हा वाटली तेवढी भीती मला त्या परक्या देशात कधीच वाटली नव्हती. तो उठला. दारापर्यंत गेला. मला वाटलं, गेला. या वेळी मी बाकावरून हललो नाही.

दारापाशी तो बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मग परत आला, बॅग खाली ठेवली आणि कोट काढायला लागला.

"मी तर आलोय," तो म्हणाला. "आता तुझं काय ते तू ठरव."

मी फोन बंद करून बाकावर ठेवला आणि बाप्तिस्म्याच्या दगडी पात्रापाशी गेलो. त्यातल्या पाण्यात बोट घातलं तर कळ डोक्यापर्यंत गेली. मागच्या छोट्या स्वयंपाकघरात जाऊन मी किटली भरली आणि विष्णूच्या डोक्यावर घालायचं पाणी तापायला लावलं.