बुडालेला नावाडी

सतरा वर्षं तिने पाण्याच्या पंपांची माहितीपुस्तकं लिहिली. झडप कधी उघडायची, कुठला नट आधी सैल करायचा, एवढंच. मग चाळिशी उलटल्यावर तिने खापरपणजोबांवर कादंबरी लिहायला घेतली आणि तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

खापरपणजोबा नावाडी. महापुरात माणसं पार करताना बुडाले, अशी घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली हकिकत. तिची दीडशे पानं झाली होती, पण नावाडी काही जिवंत होईना. नवऱ्याने एक प्रकरण वाचलं आणि तो हसत सुटला.

"अगं, हा बुडतोय की तुझ्या सूचना पाळतोय?"

ती चिडली, पण त्याचं खोटं नव्हतं. ती खुर्चीतून उठायची, गॅलरीत जायची, पुन्हा बसायची. शेवटी रजा टाकून तिने आत्याचं घर गाठलं. आत्या वडिलांची थोरली बहीण, ब्याऐंशी वर्षांची.

"आत्या, ते बुडाले तेव्हा नावेत कितीजण होते?"

आत्या शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

"कोण बुडालं? तो पलीकडे गेला तो गेलाच. तिकडे दुसरा संसार थाटला मेल्याने. बुडाला म्हणून गावभर सांगितलं ते तिनेच, बायकोने. आमच्या आजीला, म्हणजे तिच्या सुनेला, तिने मरताना हे सांगितलं."

"खोटं का सांगितलं?"

"नवरा बुडाला तर लोक हळहळतात. टाकून गेला तर बायकोलाच बोल लावतात. दुसऱ्या दिवशी तिने काठावरची जुनी नाव पाण्यात घातली आणि पुढे वीस वर्षं चालवली."

परतताना बसमध्ये तिला बसवेना. उतरायच्या दोन थांबे आधीच ती दाराशी जाऊन उभी राहिली. घरी येताच तिने ती दीडशे पानं बाजूला सारली आणि पहिल्या ओळीत त्या बाईला काठावर उभं केलं.

वडिलांना कळलं तेव्हा ते कडाडले. "घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणार तू? त्यापेक्षा पंपांचं लिही!"

"बाबा, अब्रू राखली ती तिनेच. एकदा ऐका तर."

ते तोंड फिरवून बसले. तरी तिने वाचलं: पहाटे ती नाव लोटते, दोर हाताला काचतो, पहिला उतारू बाईमाणूस पाहून चढायला कचरतो. वाचून झालं. तिने कागद गोळा करायला घेतले.

"पोरं कुठे होती?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ती नाव घेऊन गेली तेव्हा. माझे आजोबा जेमतेम तीन वर्षांचे असतील. त्यांना कुणाकडे ठेवलं तिने?"

हे ना आत्याने सांगितलं होतं, ना कुठे लिहिलेलं होतं. तिने पेन उघडलं.

"नावेतच," ती म्हणाली. "पोटाशी बांधून."

वडील खुर्ची ओढून जवळ आले.