बसण्यापुरती सिगारेट

नर्सबाईंनी पोटाला टेप लावली आणि इस्त्रीवालीच्या तोंडचं पाणी पळालं. आठवा महिना, आणि पोट सातव्याचंही नाही! सोनोग्राफीत तेच आलं होतं. बाळ वाढतच नव्हतं.

"सिगारेट ओढतेस?" बाईंनी विचारलं. "खरं सांग गं, मी काही तुझी सासू नाही."

"दिवसाला चार. कधी पाच," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

"त्या धुरानं बाळाला रक्त कमी पोचतं. पोटातच उपास घडतोय त्याला. आज सोडलीस तर अजून आठ आठवडे आहेत, थोडं तरी भरून निघेल."

सोड म्हणे! शिलाईच्या कारखान्यात सकाळी आठपासून इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहायचं. जेवणाखेरीज बसायला मिळायचं ते फक्त ओढणाऱ्यांना, मागच्या पायरीवर, दिवसातून चारदा, सात-सात मिनिटं. ही तर बसायला मिळावं म्हणूनच ओढायला शिकली होती.

तरी तिने सोडली. दुसऱ्याच दिवशी मुकादमाने तिला पायरीवरून उठवलं.

"ओढत नाहीस ना? मग चल टेबलावर. फुकट बसायची सुट्टी नाही इथे."

"अहो, आठवा महिना आहे मला!"

"मग घरी बस की. कोण अडवतंय?"

मेल्याचं काय जातंय बोलायला! तिच्या पायांचे सुजून खांब झाले. चौथ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा काजं करणाऱ्या मावशीने डोकं लढवलं. "पेटवून नुसती हातात धर. ओढू नकोस. मुकादमाला काय कळतंय?"

खरंच की! ती पायरीवर टेकली, पाय लांब केले, हायसं वाटलं. मुकादम डोकावला आणि हातातली सिगारेट बघून निघून गेला. पण बोटांत सिगारेट जळत होती आणि चार दिवसांची तलफ उसळून वर आली होती. राख झटकायला म्हणून उचललेला हात तोंडाकडे गेला. एक झुरका. मग दुसरा. तिसऱ्याला मावशीचं लक्ष गेलं.

"अगं बये! काय करतेस हे?"

हे काही मुकादमाने करायला लावलं नव्हतं. कुणीच लावलं नव्हतं. स्वतःची इतकी किळस तिला जन्मात आली नव्हती. पोटावर हात ठेवून ती "चुकले रे बाळा, चुकले" म्हणत राहिली.

"टाक आधी ती!" मावशी ओरडली.

"टाकते गं, टाकते," ती हुंदके देत म्हणाली आणि चौथा झुरका घेतला.