डाव्या हाताचा आशीर्वाद

सन ११६८ ची गोष्ट. हार्त्स डोंगराच्या पायथ्याशी हाल्डनरोडे गावात दरसाल जुनी नाणी वितळवून नवी पाडत. त्या वर्षी मठाच्या आईसाहेब रिखलिंड यांनी नाण्यांचे ठसे कोरणाऱ्या डेटमारला ग्रीकांकडची, ख्रिस्त कोरलेली हस्तिदंताची पाटी दिली. "नाण्यावर असाच ख्रिस्त हवा." डेटमार खुळावलाच. जेवतानाही ती पाटी समोर ठेवी आणि बायकोला म्हणे, "ऊडा, या वस्त्राच्या चुण्या बघ गं! माणसाचा हात आहे का हा?"

बाजाराच्या सकाळी नवी नाणी वाटली गेली, आणि हेरिंग मासे विकणारी गेपा किंचाळली, "अगं बाई! देव डाव्या हातानं आशीर्वाद देतोय!"

पटापट नाणी चिखलात पडू लागली.

ऊडाने नवऱ्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. ठसा उलटा कोरावा, तेव्हा चित्र सुलट उठतं. उभा जन्म तेच केलेला माणूस, पण हस्तिदंताच्या नादात ख्रिस्त तेवढा दिसला तसाच कोरून बसला होता; कडेची अक्षरं मात्र सवयीनं उलटी कोरली होती.

मठाच्या टाकसाळीचा प्रमुख फोल्कविन गरजला, "खोट्या नाण्याला हात तोडतात, डेटमार! जुनी चांदी वितळली, आता गावानं काय दगड मोजायचे?"

आईसाहेब आल्या. नाणं पाहून त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली.

नवऱ्याचा तो हात धरून ऊडा खाली बघत राहिली. चिखलात एक नाणं पालथं पडलं होतं. चांदी पानासारखी पातळ. पुढे उठलेलं चित्र मागे खोलगट उमटलेलं. तिने ते झटकन उचललं.

"आईसाहेब, मागून बघा! उजवा हात!"

"आणि अक्षरं?" फोल्कविन म्हणाला. "या बाजूनं ती उलटी झाली ना!"

"इथं वाचतंय कोण, मालक?" गेपा म्हणाली.

आईसाहेबांनी नाणं कितीतरी वेळ पालथंच धरलं. "वर्षभर हीच बाजू वर," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याचा हात राहू द्या."

पुढे फोल्कविन दुसऱ्या टाकसाळीत गेला. आईसाहेब तीन हिवाळ्यांनी वारल्या. गेपा मरेपर्यंत चांगली नाणीसुद्धा उलटून बघायची. डेटमार म्हातारपणापर्यंत कोरत राहिला. पण ऊडाने मेणावर उठवून बघितल्याशिवाय एकही ठसा घराबाहेर गेला नाही. डेटमार वारल्यावर ती लेकीकडे राहायला गेली.